कीबोर्ड पुसायला काय घ्यावं: वाइप्स, साबणाचं पाणी की आयपीए?

घरच्या कीबोर्डला काहीही चालतं, शर्टाच्या बाहीनेही भागतं. खरा प्रश्न येतो वाचनालयाच्या संगणक कक्षात, टायपिंग क्लासमध्ये, सेवा केंद्रात. तिथे एकाच कीबोर्डवर सकाळी भरतीचा फॉर्म भरणारा मुलगा बसतो, दुपारी ‘मराठी ३०’ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेची तयारी करणारी मुलगी आणि संध्याकाळी वडापाव खाऊन हात पँटला पुसून आलेला कुणीतरी. आमच्या कोकणातल्या वाचनालयात असा एक कक्ष मी सांभाळतो. खाली ज्या ज्या वस्तूंची नावं येतील, त्या सगळ्या तिथे वापरून झाल्या आहेत. माझी पसंती ठरलेली आहे, पण तुमची जागा, हवा आणि माणसं वेगळी असू शकतात. तेव्हा वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आधी थोडी गर्दी कमी करू. हातावरचं सॅनिटायझर अजून कित्येक संस्थांच्या कपाटात आहे. २०२० साली साखर कारखान्यांनीसुद्धा ते काढलं आणि पाच-पाच लिटरचे कॅन गावोगाव गेले. ते संपवायचं म्हणून कीबोर्डवर वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कृतीतच १.४५ टक्के ग्लिसरीन आहे. ते हाताची कातडी सुकू नये म्हणून असतं. बटणांना कातडी नसते, त्यांच्यावर ते नुसतं बसून राहतं. ब्लीचच्या पाण्याने जंतू मरतात हे खरं, पण धातूला गंज चढतो, पांढऱ्या कपड्यावर नसले तरी रंगीत कपड्यांवर डाग पडतात आणि बंद खोलीत वास सहन होत नाही. काच पुसायचं निळं पाणी दिसायला छान चकाकी देतं, पण ते काचेसाठी आहे. शिवाय त्याची बाटली फवाऱ्याची, आणि फवारा म्हटला की माणूस थेट बटणांवर मारतोच. साध्या कीबोर्डच्या पोटात प्लास्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात आणि त्यांच्यावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात. त्यांच्यामध्ये एकदा ओल शिरली की ती लवकर बाहेर पडत नाही, आणि मग एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटतात.

तो लिबलिबीत जेलीचा गोळा मुलांना फार आवडतो. चुरा उचलतोही. पण पहिल्या कीबोर्डची घाण तोच तिसऱ्या कीबोर्डवर नेतो, आणि एप्रिलच्या उकाड्यात मऊ पडला की फटीत राहतो. सिलिकॉनचं कव्हर घातलं तर वेगासाठी सराव करणारा विद्यार्थी पाचव्या मिनिटाला ते काढून बाजूला ठेवतो.

उरले तीन: साबणाचं पाणी, तयार ओले वाइप्स आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल.

साबणाच्या पाण्याला कुणी हसू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ साली कीबोर्डवर वेगवेगळी जंतुनाशकं तपासली. तुलनेसाठी नुसतं निर्जंतुक पाणीही घेतलं होतं. जंतुनाशकांनी आणि त्या पाण्यानेही तपासणीसाठी लावलेले ९५ टक्क्यांहून जास्त जीवाणू गेले. म्हणजे निम्म्याहून अधिक काम फडक्याचं आणि मनगटाचं आहे, बाटलीतल्या द्रवाचं त्यानंतर. त्याच तपासणीत ३०० वेळा पुसूनही कीबोर्ड बिघडले नाहीत, बटणंही खराब झाली नाहीत. त्यामुळे ‘औषधाने कीबोर्ड जातो’ ही भीतीही जरा आवरती घ्यायला हरकत नाही.

तेलकट बोटांचा थर साबणाइतका दुसरं काही काढत नाही. आमच्याकडच्या साफसफाईच्या मावशींचं मतही त्याच बाजूचं. “सर, तुमचं ते स्पिरिट लावलं की माझी बोटं फुटतात. साबणाचं काय ते बरं,” असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. अडचण वेळेची आहे. एकदा साबणाचं फडकं, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं. दोन बॅचच्या मधल्या वेळात एवढं होत नाही, आणि पावसाळ्यात तर फडकंच वाळत नाही, तिथे कीबोर्ड काय वाळणार!

वाइप्स सगळ्यात सोपे. डबा उघडा, ओढा, पुसा, टाका. नव्या माणसाला काही शिकवावं लागत नाही, काही सांडत नाही, आलेल्या पाहुण्यांना स्वच्छतेची काळजी घेतल्याचं दिसतं. झाकण नीट लागलं नाही की वरचे दहा-पंधरा वाळून जातात आणि खर्च बराच येतो, पण एवढ्यावर मी ते सोडले नसते.

ते सुटले चिकटपणामुळे.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद. टायपिंगच्या मुलांची तक्रार सुरू झाली, “सर, स्पेस अडकतोय.” बघायला गेलो तर स्पेसबार अडकत नव्हता. दाबल्यावर अंगठा उचलला की बटण क्षणभर अंगठ्याबरोबर यायचं आणि ‘चट्’ असा बारीक आवाज करून सुटायचं. बोट फिरवलं तर पृष्ठभाग ओला नव्हता, पण गुळाच्या ढेपेला हात लागल्यासारखं काहीतरी बोटाला जाणवायचं. स्पेसबारच्या पुढच्या कडेला धुळीची करडी रेघ बसली होती, तीही फुंकरीने न उडणारी. रोज पुसलेला कीबोर्ड न पुसलेल्या कीबोर्डपेक्षा मळका दिसत होता. नुसत्या पाण्याच्या फडक्याने पुसला, तर चिकटपणा गेला. पुन्हा आठवडाभर वाइप्स, पुन्हा तेच.

डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं की कारण कळतं. बऱ्याच वाइप्समध्ये अल्कोहोल नसतंच. असतं ते बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं जंतुनाशक, जोडीला सुगंध आणि ओलावा टिकवणारं काहीबाही. पाणी उडून जातं, हे सगळं बटणावर राहतं. रोज एक पातळ थर चढतो, आणि दमट हवेत तो हवेतलं पाणी ओढून चिकट होतो. पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहू द्यावा असंही तिथे लिहिलेलं असतं, पण बॅच दारात उभी असताना ते कोण पाळतं? एरवी कुणाला हा चिकटपणा जाणवणारही नाही. पण ज्याला मिनिटाला तीस शब्द गाठायचे आहेत आणि एकेका चुकीचे गुण जाणार आहेत, त्याला तो पहिल्याच ओळीत जाणवतो. घाटावरच्या कोरड्या हवेत कदाचित एवढा त्रास होत नसेल. माझा अनुभव कोकणातला आहे, हे लक्षात घ्या.

आयपीएचं मोठेपण इतकंच की ते पूर्ण उडून जातं. मागे काही उरत नाही, त्यामुळे चिकटायला काही राहत नाही. दहा-बारा कीबोर्ड पुसून शेवटच्यावर पोचेपर्यंत पहिला कोरडा झालेला असतो. २०२० साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितलं होतं की कंपनीची सूचना नसेल तर टचस्क्रीन, कीबोर्ड अशा वस्तूंना किमान ७० टक्के अल्कोहोलचा विचार करावा. अॅपलनेही त्या सुमारास आपल्या कीबोर्डना ७० टक्के आयपीएचे वाइप्स चालतील असं म्हटलं, ब्लीचला मात्र नाही म्हटलं.

दसऱ्याचा दुसरा दिवस तर आयपीएचाच. आपल्याकडे संगणकाची पूजा होते आणि हळद-कुंकू हटकून कीबोर्डवर सांडतं. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही आणि साबण लागला की लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अल्कोहोलमध्ये तो विरघळतो. कापसाच्या बोळ्याने दोनदा पुसलं की बटण पूर्वीसारखं. (फणसाच्या चिकाला मात्र खोबरेल तेलाला पर्याय नाही. मे महिन्यात दारावर पाटी लावतो, ‘हात दाखवून आत या.’)

उणे बाजू आहेत, त्या लपवत नाही. मराठी अक्षरांचे स्टिकर असतील तर फडकं जास्त ओलं झालं की डिंक सुटतो, कडा उचलतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत काना इंग्रजी ‘E’च्या बटणावर आहे आणि मराठीत काना किती लागतो ते तुम्ही जाणता. त्या बटणाचा स्टिकर आमच्याकडे सगळ्यांत आधी जातो. फडकं घट्ट पिळून घेतलं की बरंच वाचतं, आणि स्टिकरचा नवा ताव स्वस्तात मिळतो. मावशींसाठी रबरी हातमोजे आणले. त्या कधी घालतात, कधी नाही. वास येतो, पण पंखा लावला की थोड्या वेळात जातो. विस्तवाचं मात्र गांभीर्याने घ्या. आयपीएची वाफ खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेते. सरस्वतीच्या फोटोसमोरची उदबत्ती विझल्यावरच बाटली उघडायची, आणि बाटली इन्व्हर्टरशेजारी ठेवायची नाही.

घ्यायचं कुठून? मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की मिळतं. ते बहुधा ९९ टक्क्यांचं असतं. तसंच वापरू नका, कारण ते फार लवकर उडतं आणि जंतूंवर नीट काम व्हायला त्यात थोडं पाणी लागतं. ७०० मिली आयपीए घ्यायचं आणि एक लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरायचं. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी तुमच्याकडे असणारच. बोअरचं पाणी घातलंत तर क्षारांचे पांढरे ठिपके दिसतील. बाटलीवर नाव ठळक लिहा, पाण्याची बाटली समजून कुणी तोंडाला लावता कामा नये. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट स्वस्त पडतं, पण त्यात आणखी काय काय असतं. बंद खोलीत, मुलांच्या हातांखाली, मी ते आणणार नाही. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन तर बटणाचं प्लास्टिकच खातं.

आमच्याकडे सध्या असं चालतं. संगणक बंद, कीबोर्डची वायर काढलेली. उलटा धरून पाठीवर थापटायचा, रंगाच्या मऊ ब्रशने फटी झाडायच्या. शनिवारी मावशींचं साबणाचं फडकं, कारण तेलाचा थर त्यानेच जातो आणि थरावरून फिरवलेलं कुठलंच जंतुनाशक खाली नीट पोचत नाही. एरवी बॅच सुटली की मायक्रोफायबरच्या फडक्यावर आयपीए घेऊन एक हात, माउसवरूनही.

दोनच मशीन असतील आणि पुसायला वेगळं माणूस नसेल, तर एवढा व्याप कशाला, वाइप्सच घ्या. फक्त पाकीट उलटं करून ७० टक्के अल्कोहोल लिहिलंय का ते बघा, आणि डब्याऐवजी सुटी पाकिटं मिळाली तर ती घ्या. वाळत नाहीत.