नौपाड्यातील लिनक्स ड्रायव्हर वर्ग : शिकवणी उत्तम, टिपणे जुनी

ठाण्यात गोखले रस्त्यालगत शनिवार-रविवारी भरणारा लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरणे चालवणारा कोड लिहिण्याचा, वर्ग मी नुकताच पूर्ण केला. सी भाषा पक्की असलेल्या, पण कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, प्रथमच हात घालणाऱ्या माणसाने तो जरूर करावा असे माझे मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे युजर (साधे प्रोग्राम) व कर्नल यांच्या मेमरीतील डेटाच्या देवाणघेवाणीला तेथे दिलेला भरपूर वेळ.

युजरला डेटा देताना ‘सीमधली साधी मेमकॉपी नको, कर्नलचे कॉपी_टू_युजर वापरा’ एवढे सांगून सरांनी विषय संपवला नाही. कॅरेक्टर ड्रायव्हरच्या (बाइटच्या प्रवाहासारखे वाचता येणाऱ्या उपकरणाच्या ड्रायव्हरच्या) रीड फंक्शनमध्ये त्यांनी मुद्दाम मेमकॉपी लिहून ते मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोड) व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवले. उपकरण वाचण्यासाठी कॅट कमांड देताच पडद्यावर फक्त ‘किल्ड’ उमटले आणि लॉगमध्ये ऊप्सचा, म्हणजे कर्नलमधील चुकीच्या नोंदीचा, लांबलचक मजकूर आला, कारण स्मॅप हे संरक्षण असलेला प्रोसेसर कर्नललाही युजरच्या पानांना (मेमरीच्या तुकड्यांना) परस्पर हात लावू देत नाही. कॉपी_टू_युजर मात्र पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का हे आधी पाहते, कॉपीपुरतीच ती बंदी उठवते, आणि मध्येच पत्ता खोटा निघाला तरी एक्सेप्शन टेबलच्या (चूक झाल्यास कोठे वळायचे त्या यादीच्या) आधाराने सावरून किती बाइट उरले ते सांगते. हा उरलेला आकडा नवखे लोक तसाच रिटर्न करतात. मग प्रोग्रामला तेवढे बाइट वाचले गेले असे वाटते, वास्तविक तेथे उणे ई-फॉल्ट हा चुकीच्या पत्त्याचा एरर कोड पाठवायचा असतो. युजरचे पान रॅममध्ये नसल्यास हे फंक्शन झोपू शकते, म्हणून स्पिनलॉक (ज्यात झोपायला मनाई असते असे कुलूप) धरलेला असताना ते वापरायचे नाही, हेही प्रात्यक्षिकासह पटवून दिले.

पत्त्याची तपासणी राहून गेली तर काय होते, यासाठी कर्नलच्या 4.13 आवृत्तीतील वेटआयडी या सिस्टम कॉलचे (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागणीचे) 2017 मधील प्रकरण घेतले होते. तेथे ही तपासणी करणारे ॲक्सेस_ओके सुटल्याने साध्या युजरलाही कर्नलच्या मेमरीत लिहिण्याची वाट मोकळी झाली होती. संपूर्ण वर्गातला हा तास मला सर्वांत मोलाचा वाटला.

तक्रारी दोन आहेत. छापील टिपणांत ॲक्सेस_ओकेला अजून तीन आर्ग्युमेंट दिलेली आहेत, जेव्हा की कर्नल 5.0 पासून ती दोनच उरली. त्यामुळे टिपणांतला कोड नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, आणि एवढे शुल्क घेणाऱ्यांना हे शोभत नाही. दुसरे, युजरची तीच नोंद दोनदा वाचली आणि मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने ती बदलली तर आधीची तपासणी फुकट जाते, हा धोका कोणी विचारल्यावरच बोलण्यात आला. एमॅप (mmap, ड्रायव्हरची मेमरी प्रोग्रामला थेट जोडून देण्याची सोय) तर शेवटच्या अर्ध्या तासात उरकला.

बसायची सोय चांगली आहे. गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा स्टेशनवरून चालतच यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी टिपणे कोणत्या कर्नलवर तपासलेली आहेत ते स्पष्ट विचारून घ्यावे.