पासाँ, प्येतों की बादो? फ्रेंचमध्ये रस्त्यावरच्या माणसाला काय म्हणायचं

फ्रेंच शिकणारे बरेच जण निबंध लिहिताना इथे अडतात, म्हणून सरळच सांगते, शंका असेल तर पासाँ घ्या. पासे म्हणजे जवळून जाणं, त्या क्रियापदावरून तो आलाय, अर्थ आपला येणारा-जाणारा एवढाच, त्यात कौतुक नाही की टोमणा नाही. टीव्हीवाले माईक धरून ज्यांना मत विचारतात ते पासाँ आणि अपघात बघून फोन करणारा पण पासाँच. बाई असेल तर पासाँत, शेवटचा त ऐकू येतो, पण अनेकवचनातला एस फक्त लिहायचा, उच्चारात काहीच फरक पडत नाही, त्यामुळे ऐकताना आधी अँ (म्हणजे एक जण) आलाय की ले (म्हणजे अनेक जण) आलाय तिकडे कान ठेवायचा.

गाड्या, सिग्नल, नियम यांचा विषय निघाला की मात्र प्येतों, म्हणजे पादचारी. झेब्रा क्रॉसिंगला पासाज प्येतों म्हणतात. गाडीने कुणाला उडवलं तर बातमीत साधारण हाच शब्द दिसेल.

बादो जरा जपून वापरा हं. हे आपले बघे. आग लागलीय, भांडण जुंपलंय किंवा चौकात कुणी जादूचे प्रयोग करतोय आणि लोक आ वासून उभे, ते बादो. दक्षिण फ्रान्सकडच्या भाषेत तोंड उघडं ठेवून बघण्याला जे क्रियापद होतं त्यावरून हा शब्द आलाय, म्हणजे तो आ वासणं त्यात मुळातच आहे. जादूच्या खेळाला जमलेल्यांना बादो म्हटलं तर कुणाला फारसं लागत नाही, पण जखमी माणसाला उचलायला धावलेल्यांना बादो म्हणाल तर तो सरळ त्यांच्यावर अन्याय आहे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण डिक्शनरीत नुसतं रस्त्यावरचे लोक असं वाचून कुणीही हा शब्द उचलेल आणि वाक्याचा सूरच फिरेल.

फ्लानर पण दिसेल कुठेतरी, तो निवांत भटकणारा, गर्दीतल्या कुणालाही तो लावू नका. पासाजे तर वेगळाच, तो गाडीतला प्रवासी, दिसायला सारखा म्हणून फसायला होतं.

आणि पासाँत हे रस्त्याचं विशेषण पण असतं, र्‍यू पासाँत म्हणजे वर्दळीचा रस्ता. पँटला बेल्ट ओवायला जे लूप असतात ना, त्यांनाही पासाँच म्हणतात, तेव्हा कपड्यांच्या दुकानात हा शब्द कानावर पडला तर गोंधळू नका.