नौपाड्यातल्या पावसात मार्विन गे

अमेरिकन गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ची सेकंडहँड एलपी रेकॉर्ड मागवली. विकणाऱ्याने ‘एकदम नव्यासारखी’ सांगितली होती. दुसऱ्या बाजूवर हा लांब ओरखडा! असो.

१९७१ चा अल्बम, ९ गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. एक गाणं संपून दुसरं कधी लागलं कळतच नाही. सुरुवातीचा सॅक्सोफोन म्हणे इलाय फॉन्टेनने नुसता हात गरम करायला वाजवला होता, मार्विनने तोच ठेवून दिला. मग त्याचाच आवाज दोनदा येतो, एक गातोय, दुसरा मागून ओ देतोय. बाबा भजनी मंडळात टाळ धरायचे. बुवांनी ओळ सोडायची, मागच्यांनी झेलायची, तशातलंच काहीसं. फक्त हे चर्चमधून आलेलं. ‘होली होली’ लागलं तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे कुठलं रे भजन?”

जेम्स जेमरसनची बेस गिटार मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, फुकट जाईल. मी पंखासुद्धा बंद केला. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत काँगा ड्रम.

ओरखडा नेमका ‘इनर सिटी ब्लूज’वर आहे. सुई अडकली की उठायचं, अलगद उचलून पुढे ठेवायची.