केळीच्या काट्यावर कंटेनरमधला टॉमकॅट: आठ महिने वापरल्यानंतर

रावेर तालुक्यात एका केळी खरेदी केंद्रावर वजनपावत्यांचा जुना जावा प्रोग्राम मी सांभाळतो. आठ महिन्यांपूर्वी तो डॉकर कंटेनरमध्ये (म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरसकट बांधलेल्या, वेगळ्या चालणाऱ्या डब्यात) टॉमकॅट ९ वर हलवला. टॉमकॅट म्हणजे जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा सर्व्हर. मशीन साधं, चार जीबी रॅमचं. एका वेळी दहा-बारा जण वापरतात. एवढ्या कामाला ही सोय उत्तम आहे, मला परत जुन्या पद्धतीकडे जायचं नाही. पण डिफॉल्ट सेटिंगवर विसंबू नका.

पहिल्या दिवशी ४०४ (पान सापडलं नाही) दिसला तर घाबरू नका. टॉमकॅटच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून तयार होतो त्यात) वेबॲप्स फोल्डर रिकामंच येतं; आपली वॉर फाइल, म्हणजे प्रोग्रामचं एकत्र बांधलेलं पॅकेज, तिथे रूट नावाने टाकली की पान उघडतं. इमेजचा टॅगही (आवृत्तीची खूण) नेमका लिहा. टॉमकॅट १० मध्ये कोडमधल्या पॅकेजच्या नावांतल्या जावाएक्सचं जकार्ता झालं, तिथे जुना प्रोग्राम तसाच्या तसा चालत नाही.

खरा त्रास मेमरीने दिला. कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा घातली होती. जावा आपणहून त्यातला पाव भागच हीपला (प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीला) घेतं, म्हणजे जेमतेम १२८ एमबी. रोजच्या पावत्या निघायच्या, महिन्याचा हिशेब काढायला गेलं की हीप संपायची. मग मी हीप थेट ५१२ केली, तर कंटेनरच मरू लागला, एक्झिट कोड १३७, म्हणजे तो जबरदस्तीने बंद केला गेला. कारण हीपशिवाय मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) स्टॅक, कंपाइल झालेला कोड यांनाही त्याच मर्यादेत जागा लागते. आता मर्यादा ७६८ एमबी आणि मॅक्सरॅमपर्सेंटेज, म्हणजे त्यातला हीपला द्यायचा टक्का, ६०. शिवाय टॉमकॅटचे थ्रेड डिफॉल्टने २०० पर्यंत जातात, ते ४० वर आणले. तेव्हापासून १३७ पुन्हा दिसला नाही.

तारखेचा घोळ तर काट्यावरच्या काकांनी पकडला. पहाटे पावणेपाचला भरलेल्या गाडीची पावती हातात धरून म्हणाले, "भाऊ, हिच्यावर कालची तारीख कशी काय?" कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारा ते पहाटे साडेपाचची प्रत्येक पावती आदल्या दिवशी जमा होत होती, आणि केळीचा भाव तर रोजचा वेगळा. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न होता. कंटेनरच्या टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता घातलं आणि मागच्या सगळ्या पहाटेच्या पावत्या दोन दिवस बसून एकेक तपासल्या.

वीज जाणं-येणं आपल्याकडे नेहमीचंच. रीस्टार्ट पॉलिसी 'अनलेस-स्टॉप्ड' (आपण स्वतः थांबवला नसेल तर पुन्हा सुरू कर) ठेवली की वीज आल्यावर कंटेनर आपोआप उठतो. पण डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल तर इथे एक खोच आहे. सगळे कंटेनर एकत्र सांगणाऱ्या कंपोज फाइलमधला डिपेंड्स-ऑन (कोण कोणानंतर सुरू व्हावा हा क्रम) तुम्ही कंपोज अप कमांड देता तेव्हाच पाळला जातो. मशीन बूट झाल्यावर डॉकर क्रम बघत नाही. डेटाबेस तयार नसताना प्रोग्राम उठला की तो पडतो, टॉमकॅट मात्र चालूच राहतो. कंटेनर जिवंत दिसतो, म्हणून रीस्टार्टही होत नाही, आणि काट्यावर पुन्हा ४०४. मी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचं पोर्ट उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि शेवटी एक्झेक लिहून स्क्रिप्टच्या जागी टॉमकॅट चालवला, म्हणजे थांबवण्याचा सिग्नल थेट त्याला पोचतो.

लॉगला (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलला) मर्यादा घाला. डॉकर ती आपणहून घालत नाही, फाइल वाढतच जाते. माझ्याकडे १० एमबीच्या तीन फाइली आहेत, पुरतात.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते मे महिन्यात कामी आलं. बाहेर ४५ अंश, पत्र्याखालचं मशीन तापून बंद पडलं ते उठेचना. दोन्ही इमेज आणि कंपोज फाइल पेनड्राइव्हवर होत्या, डेटाबेसचा रात्रीचा बॅकअपही. लॅपटॉपवर डॉकर होतंच. इमेज लोड केल्या, बॅकअप चढवला. सकाळच्या सात पावत्या वहीतून पुन्हा भराव्या लागल्या. काट्यावर उभ्या असलेल्या गाडीची पावती पंचवीस मिनिटांत निघाली. बॅकअप त्या दिवसापासून दर तासाला घेतो.