पुराची दोन मिनिटं चाळीस सेकंद

मी चित्रपटाची संकलक. आमच्या नव्या चित्रपटात सगळ्यात चोख काम कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओकडं बोट दाखवते.

कथेत आजी नातवाला २०१९ चा पूर सांगते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या माणसांना याहून जास्त सांगायची गरज नाही. खऱ्या पाण्यात चित्रीकरण आमच्या बजेटबाहेरचं होतं, आणि व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर तयार केलेलं, पाणी स्वस्तात करायला गेलं की ते खोटं दिसतं. म्हणून दिग्दर्शकानं ठरवलं, एवढा भाग हातानं काढायचा.

दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं आधी नमुना दाखवला होता. त्यात कॅमेरा पाण्यावरून पक्ष्यासारखा उडत होता. या स्टुडिओतल्या ताईंनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, “याच्या आधीचा आणि नंतरचा शॉट काय आहे? ते बघितल्याशिवाय मी पेन्सिल धरणार नाही.” मी त्यांना अख्खा रफ कट, म्हणजे चित्रपटाची कच्ची जोडणी, दिला. टीम पाच-सहा जणांची, पण सगळ्यांनी मिळून तो पूर्ण बघितला. मग त्यांचं म्हणणं आलं: कॅमेरा हलवायचाच नाही. घराची ओसरी, शेजारी गोठा, मागं जिना, सगळं एकाच जागेवरून दिसेल. हलेल ते फक्त पाणी.

यात पैशाचाही विचार होता. दोन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीनं ३,८४० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १,९२० चित्रं. कॅमेरा सरकवला की चालणाऱ्या माणसाचे पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात, मग तिथं प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढावं लागतं आणि काम दुप्पट होतं. पण स्थिर चौकटीनं जे साधलं ते खर्चाच्या पलीकडचं आहे. पाणी एकेक पायरी गिळत वर येतं आणि बघणारा आपोआप पायऱ्या मोजायला लागतो. आजीनंही त्या रात्री तेच केलं असणार.

आता म्हशीबद्दल. पुरात दावं कापून जनावर मोकळं सोडावं लागतं, तो प्रसंग यात आहे. पहिल्या लाइन टेस्टमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या कच्च्या चाचणीत, म्हैस मान उंच करून पोहत होती, घोड्यासारखी. मला ते खटकलंही नव्हतं. पण तिथल्याच एका पोरानं, ज्याच्या घरी गोठा आहे, काम थांबवलं. “ताई, म्हैस अशी पोहत नाही. नाक वर, डोकं आडवं, शिंगं मागं आणि पाठीची नुसती पट्टी दिसते.” तयार झालेली चित्रं बाजूला टाकून सगळे वह्या घेऊन पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसले. आता पडद्यावर आजी विळ्यानं दावं कापते, म्हैस अंगणाबाहेर जाते, वळते आणि परत गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहते. तिथलं पार्श्वसंगीत मी काढून टाकलं, फक्त पाण्याचा आवाज ठेवला. कोल्हापूरच्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा तेवढ्यात मोठ्यानं बोलले, “आली बघ, आली!”

कोल्हापूरचे मूकपटांच्या काळातले चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी पोशाख, पात्रं, हालचाली रेखाटून घ्यायचे. चित्रकारांनी सिनेमा घडवायचा ही या गावची जुनी रीत आहे. इथल्या कला महाविद्यालयांतून शिकलेली मुलं आजही अशा कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. हे काम इथं झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

तांत्रिक बाजूही त्यांनी अर्धवट सोडली नाही. कोळशाची राखाडी रेघ मॉनिटरवर छान दिसते, पण सिनेमाचा पडदा मॉनिटरच्या निम्म्याच उजेडाचा असतो, तिथं ती काळ्यात बुडते. ताई स्वतः कलर ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेड जुळवायच्या कामाला, येऊन बसल्या, थिएटरात चाचणी बघितली आणि रात्रीचे सगळे शॉट परत उजळून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. माणसांचे चेहरे अजून कच्चे आहेत. जवळच्या शॉटमध्ये आजी आमच्या अभिनेत्रीसारखी दिसत नाही, वयानंही लहान वाटते. काम ठरल्यापेक्षा उशिरा आलं आणि त्याचा ताण आवाजाच्या मिक्सिंगवर पडला. पहिल्या अंदाजपत्रकात दुरुस्त्यांचा हिशेब नव्हता, त्यावरून मध्यंतरी बोलाचाली झाली. आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं शेवटी भरभर सरकणाऱ्या यादीत गेली, हे मात्र आमच्या बाजूचं चुकलं. लेखक आणि छायालेखकाच्या बरोबरीनं त्यांची स्वतंत्र पाटी हवी होती. मी तसं निर्मात्यांना सांगितलं आहे आणि ओटीटीच्या प्रतीत ती बदलावी म्हणून मागं लागले आहे.

कुणी काम देणार असाल तर पटकथा हातात असतानाच यांच्याकडं जा, शूटिंग उरकल्यावर नको. अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांचा वेळेनुसार जोडलेला आराखडा) पक्कं होईपर्यंत एकही अंतिम चित्र काढायला लावू नका, कारण नंतर वाढवलेला प्रत्येक सेकंद म्हणजे बारा नवी चित्रं. किती दुरुस्त्या किमतीत धरल्या आहेत ते कागदावर घ्या. भडक जाहिरात हवी असेल तर दुसरीकडं बघा. जनावरं, पाणी, पाऊस, जुनी घरं असा विषय असेल तर मी यांच्याखेरीज कुणाचं नाव सुचवणार नाही.