महाशीरसाठी बीज सोडावे की डोह राखावा?

महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाच्या संवर्धनासाठी वेळ किंवा पैसा देऊ इच्छिणाऱ्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात: हॅचरीत (कृत्रिम प्रजनन केंद्रात) वाढवलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले किंवा 'बीज', नदीत सोडण्याच्या उपक्रमाला हातभार लावणे, किंवा एखादा डोह मासेमारीपासून राखणाऱ्या गावकऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे. मी काही वर्षे पहिले काम केले आणि आता दुसरे करतो, त्यामुळे माझे मत सर्वस्वी निःपक्ष मानू नये.

बीज सोडण्याचे आकर्षण मला ठाऊक आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७०च्या दशकापासून निळ्या परांच्या महाशीरचे कृत्रिम प्रजनन होत आले आहे, आणि एका सकाळीत हजारो पिल्ले पाण्यात गेलेली पाहण्याचे समाधान डोहाच्या काठावर मिळत नाही. मात्र एका कार्यक्रमात, पिल्लांच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळण्याची वाट पाहत असताना, हे बीज कोणत्या नदीतल्या माशांचे आहे, असे मी विचारले, तेव्हा "महाशीरच आहे ना!" एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या दोन्ही खेपांना तेच झाले. हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण कावेरीत लोणावळ्याहून नेलेला निळ्या परांचा महाशीर फोफावला आणि तिथला मूळचा, ५० किलोंच्याही पुढे वाढणारा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांचाही त्यात वाटा आहेच. तरीही, हा कुबडवाला मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली टॉर रेमादेवी ही प्रजाती होय, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

डोहात हा घोळ उद्भवत नाही, कारण मासा त्याच नदीचा असतो. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडीसारख्या ठिकाणी देवाच्या नावानेच तो राखला गेला आहे. उणीव अशी, की पावसाळ्यात महाशीर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि डोहाची हद्द संपली की राखणही संपते. मी जातो तिथे वरच्या ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावू नये म्हणून दरवर्षी नव्याने विनवावे लागते. कधी ऐकतात, कधी नाही.

मूळचा मासा एखाद्या नदीतून नाहीसाच झाला असेल, तर बीज सोडण्याला बहुधा पर्याय उरत नाही. तशा ठिकाणी मी पुन्हा पिशव्या धरायला जाईन. फक्त ज्यांच्यापासून बीज घेतले ते प्रजनक मासे कुठून पकडले, हे आधी लेखी मागून घेईन.