अभ्यासिकेच्या वायफायसाठी अल्फाचा एसीएम अडॅप्टर

लिनक्सच्या जुन्या मशीनवर स्वतःचा ॲक्सेस पॉइंट (एपी), म्हणजे इतरांना वायफाय देणारं केंद्र, उभा करायचा असेल, तर अल्फा कंपनीचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम हा यूएसबी वायफाय अडॅप्टर बिनधास्त घ्या. पुण्यात नवी पेठेतल्या माझ्या अभ्यासिकेत तो सकाळी दार उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत चालू असतो आणि स्पर्धा परीक्षांची पोरं त्याच्यावरच लेक्चरं बघतात.

आधीचा अडॅप्टर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणला होता. कंपनी नावाजलेली, वेगाचा आकडा डब्यावर ठळक. त्या मॉडेलची लिनक्सवाले तारीफ करायचे, पण कंपनीने मधल्या काळात आतली चिपच बदलली होती. डबा तोच, नाव तेच, फक्त कोपऱ्यात आवृत्तीचा बारीक आकडा. नव्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) बाहेरून आणून कंपाइल करावा लागायचा आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून अडॅप्टरला काय काय जमतं ते दाखवणारी 'आयडब्ल्यू लिस्ट' कमांड दिली, तर मोडच्या यादीत मॅनेज्ड आणि मॉनिटर, बस. मॅनेज्ड म्हणजे दुसऱ्याच्या राउटरला जोडून घेणं, मॉनिटर म्हणजे हवेतले संदेश नुसते ऐकणं. एपीचा पत्ता नाही. चिपमध्ये कितीही दम असला तरी ड्रायव्हरने तो मोड जाहीर केला नाही, तर एपी चालवणारा होस्टएपीडी हा प्रोग्राम पुढे सरकतच नाही. पैसे मोजणाऱ्याला ही गोष्ट डब्यावर वाचायला मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

अल्फाच्या यात मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे. यूएसबीत लावला की ओळखला जातो. यादीत मॅनेज्ड, एपी, मॉनिटर, मेश पॉइंट (एकमेकांना जोडून जाळं करणं) सगळे हजर. त्याखाली प्रत्येक बँडचे वेग: २.४ गिगाहर्ट्झवर १, २, ५.५, ११ आणि पुढे ६ ते ५४ एमबीपीएस. ५ गिगाहर्ट्झवर सुरुवातच ६ पासून. जाहिरातीत ३०० आणि ८६७ हे आकडे मिरवतात, पण माझं काम झालं ते या खालच्या आकड्यांवर.

ॲक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा बीकन सोडतो, तो सक्तीच्या वेगांतल्या सगळ्यात कमी वेगाने. सक्तीचा वेग म्हणजे जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला जमलाच पाहिजे असा. २५० बाइटचा बीकन १ एमबीपीएसने गेला की दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ हवा अडते. ६ ने गेला तर अर्धा मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. पेठेत वाड्याला लागून वाडा, इमारतीला चिकटून इमारत, आणि २.४ च्या चॅनल १, ६, ११ वर सगळ्यांचीच गर्दी. तिथे हा फरक जाणवतो. होस्टएपीडीच्या फाइलीत वेग १०० केबीपीएसच्या एककात लिहितात, म्हणजे ६ एमबीपीएस तिथे ६०. मी चालणारे वेग ६० पासून ५४० पर्यंत आणि सक्तीचे ६०, १२०, २४० एवढेच ठेवले. लॅपटॉपचं कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकून बीकन उघडून पाहिला. आधी वेगांच्या रकान्याची सुरुवात हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ८२, ८४, ८बी, ९६ अशी होती. आता ८सी, १२, ९८, २४, बी०, ४८, ६०, ६सी. इथे एकक ५०० केबीपीएसचं, आणि वेग सक्तीचा असेल तर सगळ्यात वरचा बिट १ असतो. म्हणून ६ चा १२, म्हणजे हेक्समधला ०सी, इथे ८सी होतो. फाइलीत लिहिलेलं ड्रायव्हरने हवेत जसंच्या तसं उतरवलं, हे डोळ्यांनी बघून फार बरं वाटलं. फक्त ८०२.११बी (११ एमबीपीएसपर्यंतचं जुनं वायफाय) बोलणारं एखादं पुरातन यंत्र आता जोडलं जाणार नाही. माझ्याकडे तसं कुणाचंच नाही.

खोडी दोन. ५ गिगाहर्ट्झवर जिथे रडार ओळखणं बंधनकारक आहे, त्या चॅनलांवर याचा एपी चढत नाही; ५ वर असताना मी चॅनल ३६ वापरतो. आणि यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट २.४ च्या बँडमध्ये येतो, म्हणून २.४ वापरताना यूएसबी २ चं पोर्ट घ्या किंवा सोबतच्या केबलने अडॅप्टर मशीनपासून लांब ठेवा.

साध्या अडॅप्टरपेक्षा महाग पडतो. नुसतं घरच्या राउटरला जोडायचं असेल तर एवढे पैसे घालू नका. पण एपी हवा असेल तर कुठलाही अडॅप्टर घेताना दुकानदाराला वेगाआधी चिपचं नाव विचारा, आणि तो सांगू शकला नाही तर पुढचं दुकान गाठा.